विषादाची औषधे : एका शोधाची हकिकत

मन उदास होणे ही गोष्ट कोणाच्याही अनुभवाबाहेरची नाही. जवळचे माणूस गेले, हाती घेतलेले काम फसले, नोकरीनिमित्त परप्रांती एकटे राहण्याची पाळी आली, की मन खिन्न होते. आणि काही काळ लोटला, चार माणसांत मिसळणे झाले, की ते पुन्हा थाऱ्यावर येते. या खिन्नतेला कोणी रोग म्हणत नाही आणि म्हणूही नये. परंतु हिच्याहून निराळी अशी एक खिन्नता आहे. तिला काही कारण असतेच असे नाही, आणि असले तरी ते कारण दूर झाल्यावर ती जातेच असेही नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. अन्नावरची वासना जाते. वर्तमानपत्रातील चार ओळी वाचल्या तरी त्या डोक्यात शिरत नाहीत. ज्या गाण्यासाठी पूर्वी रात्र जागविली ते गाणे कानावर पडले तरी आत काही हालत नाही. आपण घरादाराला भार झालो आहोत, आपल्यावाचून यांचे काही अडणार नाही, असे हळूहळू वाटू लागते. आणि घरची माणसे, प्रेमानेच, सांगत असतात : ‘तुला कमी काय आहे? जरा मनाला आवर घाल.’

या अवस्थेला आजचे वैद्यक नैराश्याचा विकार म्हणते. मी मात्र आपल्याकडचा जुना शब्द वापरणार आहे : विषाद. गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे हे सर्वांना ठाऊक आहेच. अर्जुनाच्या विषादाला कारण होते, आणि तो समजुतीने गेला. ज्याचे कारण सापडत नाही आणि जो समजुतीने जात नाही, त्या विषादाचे काय करावयाचे, हा प्रश्न मानवजातीपुढे फार प्राचीन काळापासून उभा आहे. त्याचे थोडेबहुत समाधानकारक उत्तर मिळाले ते मात्र गेल्या शतकाच्या मध्यावर, आणि तेही शोधू गेले एक व सापडले दुसरे अशा रीतीने. त्या हकिकतीचा एक धागा आपल्या देशातील एका मुळीपाशी आणि मुंबईतील एका डॉक्टरापाशी येऊन पोहोचतो, म्हणून ती मला सांगावीशी वाटते.

प्राचीनांना हा विकार अपरिचित होता असे समजण्याचे कारण नाही. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद हा अग्रगण्य होय, असे चरकसंहितेत सांगितले आहे. ग्रीक वैद्यांनी त्याचा संबंध काळ्या पित्ताशी जोडला, आणि ‘मेलँकोलिया’ या त्यांच्या शब्दाचा अर्थही तोच, काळे पित्त. पुढे दोन हजार वर्षे युरोपने हे पित्त बाहेर काढण्यासाठी रेच दिले आणि शिरा कापून रक्त काढले. रोगी उठला तो बहुधा उपचाराला न जुमानता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रेपेलिन या जर्मन पंडिताने एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले : हा विकार येतो आणि पुष्कळदा आपला आपण ओसरतोही, पण ओसरण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि पुन्हा उलटण्याची भीती राहते. त्या महिन्यांत रोग्याने जगावे कसे, याला क्रेपेलिनकडे उत्तर नव्हते. आपल्याकडे तर ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली उघडले तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ, अशा संस्थेत जाणे म्हणजे जवळजवळ जगातून उठणेच होते. १९१२च्या कायद्याचे नावच मुळी ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’, आणि तो १९९३पर्यंत चालू राहिला. साध्या रुग्णालयात, इतर रोग्यांच्या रांगेत बसून मनाच्या विकारावर सल्ला घेता यावा ही कल्पना नवीन होती, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती १९३८ साली प्रत्यक्षात आली.

त्याच १९३८ साली रोम शहरात विजेच्या उपचाराचा पहिला प्रयोग झाला. त्याच्यामागील विचार चुकीचा होता, हे आधी सांगितले पाहिजे. बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टराची अशी समजूत होती की अपस्मार, म्हणजे फेफरे, आणि मनोभंगाचा एक तीव्र विकार ही दोन्ही एका देहात नांदत नाहीत. तेव्हा फेफरे मुद्दाम आणले तर तो विकार हटेल. त्यासाठी त्याने १९३४ साली रोग्यांना कापराच्या द्रावणाची इंजेक्शने दिली. कापूर बेभरवशाचा ठरला. चेर्लेत्ती आणि बिनी यांनी रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना विजेच्या झटक्याने बेशुद्ध करतात हे पाहिले होते. त्यांनी कापराच्या जागी वीज आणली. पहिला रोगी रेल्वे-स्टेशनावर भटकताना सापडलेला, असंबद्ध बोलणारा एक मनुष्य होता. विषादाचा त्यात काही संबंध नव्हता. परंतु थोड्याच वर्षांत ध्यानात आले की या उपचाराचा सर्वांत अधिक गुण येतो तो ज्यांनी अन्नपाणी सोडले आहे, जे अंथरुणावर दगडासारखे पडून आहेत, अशा विषादग्रस्तांना. मेदुनाची समजूत पडली, उपचार मात्र टिकला. ‘शॉक’ या शब्दाची जी दहशत आपल्या समाजात आहे ती पहिल्या वर्षांतील आहे. तेव्हा रोग्याला भूल देत नसत, झटक्याने हाडे मोडत, आणि काही ठिकाणी तो शिक्षेसारखाही वापरला गेला. आता रोग्याला भूल देऊन आणि स्नायू सैल करूनच तो देतात. भुलीवाचून तो देण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी केली आहे. काही काळच्या आठवणी पुसट होतात ही तक्रार खरी आहे, आणि ती डॉक्टरांनी रोग्यापासून लपवू नये.

आता मुळीची गोष्ट. सर्पगंधा ही झुडुपवजा वनस्पती आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आढळते. तिची मुळी सापाच्या विषावर, झोप येण्यासाठी आणि वेड्यांना शांत करण्यासाठी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. १९३१ साली दोन ठिकाणी तिच्याकडे आधुनिक दृष्टीने पाहिले गेले. दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांचे बंधू यांनी मुळीतून काही क्षारद्रव्ये वेगळी काढली, आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील नवे भारतीय औषध म्हणून तिची माहिती प्रसिद्ध केली. ती एका भारतीय नियतकालिकात आली होती. पश्चिमेत ती कोणी वाचली नाही.

वाचली गेली ती पुढे १९४९ साली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन काढलेले निष्कर्ष त्या वर्षी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे असे औषध नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लेखाने उडालेल्या खळबळीची कल्पना येते. बाझेल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेच रेसर्पिन. न्यूयॉर्क राज्यातील एका मोठ्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते क्षुब्ध रोग्यांना देऊन पाहिले आणि १९५४ साली त्याचा चांगला अनुभव जाहीर केला. १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत क्लाइन होते आणि डॉ. वकीलही होते. मनोविकारांवरील औषधांचा इतिहास सांगताना आपल्याकडचे लोक सर्पगंधेचा अभिमानाने उल्लेख करतात. तो रास्तच आहे. पण हकिकतीचा पुढचा भाग ते बहुधा सांगत नाहीत, आणि माझ्या मते महत्त्वाचा आहे तो तोच.

रेसर्पिनची मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रोग्यांना विषादाने ग्रासले. हे लोक मनाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलेलेच नव्हते. १९५४ साली अमेरिकेत फ्राइस यांनी अशा रोग्यांची नोंद केली आणि पाठोपाठ इतरांनीही केली. शांत करणारी मुळी कोणाकोणाला इतके शांत करी की त्यातून जगण्याची इच्छाच मावळे. औषधाने विषाद उतरतो हे सिद्ध होण्यापूर्वी, औषधाने तो चढू शकतो, अशी शंका याप्रमाणे एका भारतीय मुळीमुळे निघाली.

आता थोडे त्याच सुमाराच्या न्यूयॉर्ककडे वळू, रक्तदाबाकडून क्षयाकडे. स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली क्षयाच्या रोग्यांवर दोन नवी औषधे वापरून पाहण्यात येत होती. त्यांपैकी इप्रोनियाझिड घेणाऱ्यांमध्ये एक चमत्कारिक बदल दिसला. खाटेला खिळलेले, मरणाची वाट पाहणारे रोगी उठून हिंडू लागले, जेवणावर ताव मारू लागले, व्हरांड्यात नाचताना दिसले. क्षय बरा होऊ लागला म्हणून ही हुशारी, असे कोणीही म्हणेल. पण फुप्फुसांतील सुधारणेच्या मानाने ती फारच अधिक होती. क्लाइन आणि त्यांचे सहकारी यांनी हे औषध विषादग्रस्तांना दिले व १९५७ साली त्याचा गुण जाहीर केला. या औषधाचे आयुष्य मात्र अल्प ठरले. त्याने कित्येकांना कावीळ झाली आणि १९६१ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. त्याच्या जातीच्या दुसऱ्या औषधांनी निराळेच संकट आणले. नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने कळविले, की आपली पत्नी ही गोळी घेत असता चीज खाते तेव्हा तिचे डोके असह्य दुखते. तज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेले. बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टराने हसणे सोडून शोध घेतला, आणि जुन्या चीजमधील एका द्रव्याने अशा रोग्यांचा रक्तदाब एकाएकी भडकतो असे निघाले. रोग्याच्या घरच्या माणसाचे निरीक्षण तज्ज्ञाच्या तर्कापेक्षा खरे ठरल्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे, असे मला वाटते.

तिसरा शोध लागला तो स्वित्झर्लंडमध्ये, बोडनझी सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन या गावच्या मनोरुग्णालयात. तेथे रोलांड कून नावाचे डॉक्टर होते. संस्था गरीब होती. पॅरिसमध्ये १९५२ साली गुणकारी ठरलेले क्लोरप्रोमाझिन पुरेसे विकत घेणे तिला परवडत नव्हते. म्हणून गायगी कंपनीच्या, रचनेने त्याच्याशी मिळत्याजुळत्या द्रव्यांचा प्रयोग कून करीत. त्यांतील एक, क्रमांक जी २२३५५, त्यांनी प्रथम मनोभंगाच्या रोग्यांना दिले. परिणाम उलटा झाला. काही रोगी अधिकच भडकले. कोणीही तेवढ्यावर ते द्रव्य टाकून दिले असते. कून यांनी ते टाकले नाही. जे औषध शांत माणसाला चाळवते ते खचलेल्याला उठवील काय, असा उलटा प्रश्न त्यांनी घातला, आणि १९५६च्या जानेवारीत एका विषादग्रस्त स्त्रीला ते दिले. काही दिवसांतच तिची कळा पालटली. मग दुसरी, मग तिसरा. असे चाळीस रोगी झाल्यावर त्यांनी आपला अनुभव लिहून काढला. त्यांच्याजवळ ना तक्ते होते ना आकडेशास्त्राची सामग्री. रोगी सकाळी आपण होऊन उठतो काय, परिचारिकेशी बोलतो काय, घरी पत्र लिहावेसे त्याला वाटते काय, हे ते पाहत. १९५७च्या सप्टेंबरात झुरिक येथे भरलेल्या जागतिक परिषदेत त्यांनी निबंध वाचला तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. हे औषध म्हणजे इमिप्रामीन. आज नवी औषधे पुष्कळ आली, तरी ते अजून वापरात आहे.

येथे थांबून एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. कून यांच्या कागदपत्रांचा स्विस इतिहासकारांनी केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते की म्युन्स्टरलिंगेनला अनेक वर्षे, अनेक द्रव्यांचे प्रयोग रोग्यांवर झाले आणि आपल्यावर काय चालले आहे हे पुष्कळांना सांगितलेही गेले नाही. त्या काळी तशी रीत होती, हे खरे. पण ज्यांच्या अंगावर हा शोध लागला त्यांची ना कोणी अनुज्ञा घेतली, ना कोणी नावे लक्षात ठेवली. कून यांच्या निरीक्षणशक्तीविषयी आदर बाळगूनही हे विसरता येत नाही.

औषधे हाती आली. ती काम कशी करतात हे कोणाला ठाऊक नव्हते. येथे आपली मुळी पुन्हा प्रवेश करते. अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली असे आढळले की रेसर्पिनने देहातील सिरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता होतो. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप पोहोचविते तो अशाच द्रव्यांच्या साहाय्याने. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेले ससे दुसऱ्या एका द्रव्याने क्षणात हिंडते केले. उलट, आधी इप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पिन दिले, तर प्राणी सुस्त होण्याऐवजी चळवळे होत. पुढे ॲक्सेलरॉड यांनी दाखविले की इमिप्रामीन हे नॉरॲड्रिनलीन या द्रव्याला पेशीत परत शोषले जाण्यापासून अडविते. मग सांगड घालणे सोपे होते. साठा रिता करणाऱ्या औषधाने माणूस खचतो, साठा राखणाऱ्या औषधाने तो उठतो. तेव्हा विषाद म्हणजे या द्रव्यांची उणीव. १९६५ साली शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रिनलीनच्या बाजूने आणि १९६७ साली कॉपेन यांनी सिरोटोनिनच्या बाजूने ही मांडणी केली. फ्लुऑक्सेटीन १९८७च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले, आणि सिरोटोनिन कमी पडल्याने विषाद होतो हे वाक्य दवाखान्यांतून घराघरांत गेले.

मांडणी देखणी होती, पण तिच्यात पहिल्यापासून फटी होत्या. लंडनला डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ सालीच चिंताग्रस्त व विषण्ण रोग्यांना रेसर्पिन देऊन पाहिले होते, आणि त्यांना त्याने उलट बरे वाटले होते. तो प्रयोग सिद्धांताच्या गर्दीत हरवला. रेसर्पिनने विषाद झालेल्या म्हणून मोजलेल्यांपैकी पुष्कळांना केवळ ग्लानी आली असावी, असेही पुढे दिसून आले. सर्वांत मोठी अडचण काळाची. गोळी पोटात गेल्यावर काही तासांत मेंदूतील द्रव्यांवर तिचा परिणाम होतो. रोग्याला हुशारी मात्र दोन ते चार आठवड्यांनी वाटू लागते. नुसती उणीव भरून काढावयाची असती तर इतका अवधी का लागावा? ओली लाकडे धुमसत असताना रॉकेल ओतले की चूल पेटते. म्हणून चुलीत रॉकेलचा तुटवडा होता असे कोणी म्हणत नाही.

२०२२ साली या विषयावरील संशोधनाचा एक व्यापक आढावा निघाला, आणि विषादात सिरोटोनिन कमी असते याला सुसंगत पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ ‘गोळ्या निरुपयोगी’ असा लावला. हा अर्थ लावणाऱ्यांनी वरील इतिहास पाहिला असता तर ते असे म्हणाले नसते. औषधांचा गुण सिद्धांतावरून ठरलेला नव्हता. सिद्धांत औषधांवरून काढलेला होता. सिद्धांत ढासळला म्हणून गुण नाहीसा होत नाही. तो गुण मोजण्याचे काम २०१८च्या एका प्रबंधात झाले. ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांहून अधिक रोगी, एकवीस औषधे. आणि ही सारी औषधे नुसत्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी फरक बेताचाच होता, हेही त्याच प्रबंधात आहे. कोणाला पहिल्याच औषधाने उतार पडतो, कोणाला दुसरे-तिसरे बदलावे लागते, कोणाला एकही लागू पडत नाही. पहिले दोन-तीन आठवडे गुण दिसत नाही म्हणून कित्येक घरी गोळ्या बंद होतात, आणि बरे वाटू लागले की एकदम सोडून दिल्या जातात. दोन्ही गोष्टींनी नुकसान होते. पंचविशीच्या आतील रोग्यांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे लागते. आणि ज्याच्या तोंडून मरणाची भाषा निघू लागली त्याला ‘थोडे दिवस वाट पाहू’ असे सांगण्याची वेळ राहिलेली नसते. त्याने एकटे राहू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टराला गाठावे. २०२२च्या ऑक्टोबरपासून सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा चालू केली आहे; तिचा क्रमांक १४४१६.

औषधांची हकिकत येथवर आली. पण याच काळात गोळीवाचूनचाही एक मार्ग तयार होत होता. फिलाडेल्फियाचे आरन बेक यांनी १९६०च्या दशकात रोग्याच्या मनात आपोआप उठणारे विचार तपासण्याची पद्धत बसविली : ‘मी कोणाच्या उपयोगाचा नाही’ हे वाक्य खरे की खोटे, हे रोग्यानेच वकिलासारखे उलटतपासून पाहावयाचे. दुसऱ्या काहींनी विचारांना हात न लावता कृतीपासून आरंभ केला. मन लागत नाही म्हणून माणूस कामे सोडतो, आणि कामे सोडली म्हणून मन अधिकच लागेनासे होते. हे चक्र कोठे तरी तोडावयाचे, तर ते कृतीच्या बाजूने तोडणे सोपे. मध्यम प्रतीच्या विषादात हे मार्ग औषधांच्या बरोबरीने उपयोगी पडतात, हे आता मान्य झाले आहे. प्रश्न एवढाच की आपल्या देशात हे बोलणे करावयास तज्ज्ञ आणावयाचे कोठून?

त्याचे एक उत्तर गोव्यात मिळाले. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आले. मध्यम ते तीव्र विषाद असलेल्या ४९५ रोग्यांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, काहींना त्यांच्या जोडीला सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. ती गावातलीच माणसे होती, काही आठवड्यांचे शिक्षण घेतलेली. दुखते अंग, उडालेली झोप, न संपणारा थकवा अशा तक्रारी घेऊन केंद्रात आलेल्या माणसाजवळ ती बसत, कधी त्याच्या घरी जात, आणि सोडलेल्या कामांपैकी एखादे, अगदी लहान, पुन्हा हाती घेण्याचे त्याच्याशी ठरवीत. पुढच्या बैठकीत ते झाले की नाही, झाले नसेल तर काय आड आले, हे विचारीत. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी शंभरात ३९ जण विषादातून बाहेर पडले होते. या माणसांनी ज्यांच्याशी बोलणे केले त्यांच्यापैकी ६४.